रॅमची मिश्र जोडणी

रॅमची मिश्र जोडणी म्हणजे डेस्कटॉप संगणकातील जुनी रॅमची पट्टी तशीच ठेवून तिच्या जोडीला वेगळ्या क्षमतेची, वेगाची किंवा उत्पादकाची नवी पट्टी बसवणे होय. संगणकाची स्मृती वाढवण्याचा हा अल्पखर्चाचा मार्ग आहे. दोन्ही पट्ट्या एकाच पिढीच्या असल्यास अशी जोडणी बहुधा यशस्वी होते. मात्र तिची हमी देता येत नाही.

पिढ्या व सुसंगतता

रॅमची मानके जेडेक ही संस्था ठरवते. प्रमुख पिढ्या पुढीलप्रमाणे आहेत :

* डीडीआर – १८४ पिना, २.५ व्होल्ट
* डीडीआर२ – २४० पिना, १.८ व्होल्ट
* डीडीआर३ – २४० पिना, १.५ व्होल्ट
* डीडीआर४ – २८८ पिना, १.२ व्होल्ट
* डीडीआर५ – २८८ पिना, १.१ व्होल्ट

पिनांची संख्या समान असली तरी प्रत्येक पिढीच्या पट्टीवरील खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे डीडीआर३ची पट्टी डीडीआर२च्या स्लॉटमध्ये बसत नाही. पट्टी सहज बसत नसेल तर जोर लावणे अयोग्य ठरते, कारण त्यामुळे स्लॉट व पट्टी दोन्ही निकामी होऊ शकतात. सर्व्हरसाठीची रजिस्टर्ड रॅम साध्या डेस्कटॉपमध्ये चालत नाही.

कार्यपद्धती

प्रत्येक पट्टीवर एक छोटी चिप असते. तिच्यात पट्टीची क्षमता, वेग व विलंबांक यांची नोंद असते. संगणक सुरू होताना बायोस ही नोंद वाचतो आणि सर्व पट्ट्यांना झेपेल असा समान वेग ठरवतो. म्हणून २४०० व ३२०० वेगाच्या डीडीआर४ पट्ट्या एकत्र बसवल्यास दोन्ही साधारणतः २४०० वेगाने चालतात. नव्या पट्टीचा जादा वेग वाया जातो; क्षमता मात्र पूर्ण मिळते.

बहुतेक मदरबोर्ड दोन पट्ट्यांशी एकाच वेळी देवाणघेवाण करतात. याला ड्युअल चॅनल म्हणतात. ४ जीबी व ८ जीबीच्या पट्ट्या एकत्र असल्यास अनेक मदरबोर्डांत ८ जीबी भाग ड्युअल चॅनलमध्ये व उरलेला ४ जीबी भाग सिंगल चॅनलमध्ये चालतो.

मर्यादा

मदरबोर्डची कमाल क्षमता आधी पाहावी लागते. उदाहरणार्थ, इंटेलच्या जी३१ चिपसेटला ४ जीबीहून अधिक रॅम चालत नाही. ३२ बिट विंडोजच्या सामान्य आवृत्त्याही ४ जीबीच्या पुढील रॅम वापरू शकत नाहीत.

दोष व तपासणी

विसंगत जोडणीमुळे पडदा कोरा राहणे, बीप वाजणे, निळा पडदा येऊन संगणक बंद पडणे ही लक्षणे दिसतात. याहून गंभीर दोष म्हणजे संगणक वरकरणी सुरळीत चालत असताना फाइलींमधील माहिती बिघडणे. त्यामुळे जोडणीपूर्वी महत्त्वाच्या माहितीची प्रत काढून ठेवणे व जोडणीनंतर मेमटेस्ट८६+ अथवा विंडोजमधील मेमरी डायग्नोस्टिक चालवणे आवश्यक मानले जाते. दोष आढळल्यास एकेक पट्टी स्वतंत्रपणे तपासतात.

पट्टी हाताळण्यापूर्वी वीजजोडणी काढून कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते. बुलढाण्यासह विदर्भातील उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत हा धोका अधिक असतो.

महाराष्ट्रातील उपयोग

२००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे तालुक्यांच्या गावांपर्यंत संगणक केंद्रे पोहोचली. अशा केंद्रांत व शाळांच्या प्रयोगशाळांत वेगवेगळ्या वर्षी घेतलेले संगणक असतील, तर प्रत्येक यंत्रात मिश्र जोडणी करण्यापेक्षा सर्व पट्ट्या एकत्र करून समान पट्ट्यांच्या जोड्या लावणे अधिक लाभदायक ठरते. उरलेल्या पट्ट्या सुट्या भागांसारख्या राखून ठेवता येतात.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला किमान ४ जीबी रॅम लागते. परंतु टीपीएम २.० व मान्य प्रोसेसर यांचीही अट असल्याने केवळ रॅम वाढवून जुना संगणक पात्र ठरत नाही. तथापि, लिनक्स वापरून अशा यंत्रांचे आयुष्य वाढवता येते व ई-कचरा टळतो.