अंगावर काढलेले दुखणे : धाराशिव परिसरात रुग्णाचे म्हणणे कोणी ऐकले?

१/ धाराशिव जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले ते २०२२ मध्ये. हैदराबाद संस्थान भारतात विलीन होऊन तेव्हा ७४ वर्षे उलटली होती. या काळात दवाखाने किती उघडले, याचा हिशेब सरकारी अहवालांत मिळतो. त्या दवाखान्यांत रुग्णाचे म्हणणे कितपत ऐकले गेले, याचा इतिहास विखुरलेला आहे. हा धागा त्या इतिहासाचा.

२/ आरंभ भाषेपासून करावा लागतो. निजामाच्या राज्यात कारभाराची भाषा उर्दू होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात वैद्यकशास्त्रही उर्दूतून शिकवले जाई. देशी भाषेतून आधुनिक वैद्यक शिकवण्याचा तो मोठा प्रयोग होता. मात्र मराठवाड्यातील शेतकरी बाई आपले दुखणे मराठीत सांगत होती. पुढे उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. रुग्णाची भाषा दोन्ही वेळा वर्गाबाहेरच राहिली.

३/ दुसरा अडसर अंतराचा. औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ चे, सोलापूरचे १९६३ चे, अंबाजोगाईचे त्यानंतरचे. परंडा किंवा उमरगा तालुक्यातील रुग्णासाठी मोठा दवाखाना म्हणजे बुडालेली मजुरी, उसने पैसे आणि सोबतीला एक माणूस. त्यामुळे ‘अंगावर काढणे’ हा वाक्प्रचार येथे रोजच्या व्यवहारात रुळला. दुखणे असते, ते ठाऊकही असते. पण ते कोणापुढे मांडले जात नाही.

४/ १९६९ मध्ये लंडनमधील मनोविश्लेषक एनिड बालिंट यांनी एका निबंधात ‘रुग्णकेंद्री वैद्यक’ ही कल्पना मांडली. डॉक्टरने केवळ रोग न पाहता त्या रोगासह जगणारे माणूस समजून घ्यावे, असा तिचा आशय होता. त्या विचारात रुग्ण डॉक्टरच्या खोलीत येऊन बसलेला आहे, हे गृहीत होते. मराठवाड्याच्या सीमेवर प्रश्न त्याच्याही अलीकडचा होता. येथे रुग्ण त्या खोलीपर्यंत पोहोचतच नव्हता.

५/ पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, धाराशिवच्या भूम तालुक्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावकऱ्यांशी बोलताना त्यांना लवकरच उमगले की लोकांच्या गरजांच्या यादीत औषध वरच्या स्थानी नाही. त्यांना आधी पाणी हवे होते आणि अन्न हवे होते. १९७२ च्या दुष्काळाने ते आणखी ठळक केले.

६/ म्हणून दवाखान्याच्या कामात कूपनलिका आल्या, लहान मुलांचा आहार आला. काही गावांत कूपनलिका मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या गेल्या. पाणी हवे असेल तर साऱ्या गावाने तिथे यावे, हा त्यामागचा विचार होता. जातीची भिंत तशीच ठेवून आरोग्य सुधारणार नाही, हे निदान कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ते गावाचे ऐकून झालेले होते.

७/ प्रारंभी प्रकल्पाची भिस्त प्रशिक्षित परिचारिकांवर होती. बाहेरगावच्या, शिकलेल्या तरुणीला खेड्यात रुळणे कठीण गेले आणि खेड्यातील बायकांनाही तिच्यापाशी मन मोकळे करणे जमले नाही. मग गावातीलच स्त्री निवडली गेली. यांतील अनेक जणी दलित होत्या, अनेकींना अक्षरओळख नव्हती. त्या नियमाने जामखेडला येत, शिकत आणि गावी परतून शिकलेले शेजारणींना सांगत.

८/ प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये तेथील अर्भकमृत्यूचे प्रमाण दर हजारी १७६ होते. १९७६ मध्ये ते ५२ वर आले. यात पाण्याचा, आहाराचा आणि लसीकरणाचा वाटा मोठा. पण बाळंतिणीच्या उंबऱ्यापर्यंत हे सारे नेणारी बाई तिच्याच गल्लीतली होती, तिच्याच बोलीत बोलणारी होती. ‘अंगावरून पांढरे जाते’ हे वाक्य तिला दुभाष्याविना कळत होते.

९/ जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात जामखेडच्या अनुभवाला स्थान मिळाले. सप्टेंबर १९७८ मध्ये आल्मा-आटा येथील परिषदेने आपल्या आरोग्यसेवेच्या आखणीत आणि अंमलबजावणीत सहभागी होणे हा लोकांचा हक्क आणि कर्तव्य असल्याचे घोषित केले. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

१०/ भारत सरकारनेही २ ऑक्टोबर १९७७ रोजी ग्रामपातळीवरील आरोग्य कार्यकर्त्यांची देशव्यापी योजना सुरू केली. हजार लोकसंख्येमागे एक कार्यकर्ता, महिन्याला ५० रुपये मानधन. प्रत्यक्षात निवडले गेले ते बहुतांशी पुरुष. बाळंतपण आणि स्त्रियांचे आजार हा गावातील दुखण्यांचा मोठा भाग, तो पुरुषापुढे उघड होणे शक्य नव्हते. योजनेची नावे बदलत गेली आणि ती हळूहळू विरून गेली.

११/ न सांगितलेले दुखणे किती असते, याचे मोजमाप महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला झाले. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळले. त्यांतल्या केवळ ८ टक्क्यांची पूर्वी कधी तशी तपासणी झाली होती. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या या निष्कर्षांनी ‘अंगावर काढणे’ या शब्दांना आकडा दिला.

१२/ ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्युमुखी पडली. पुनर्वसनाच्या काळात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या पुढाकाराने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. घर कसे हवे, हे कुटुंबाकडून समजून घेणे आणि यंत्रणेचे नियम कुटुंबाला समजावणे, हे त्यांचे काम. प्रशासन आणि पीडित यांच्यामध्ये विश्वासाचे माणूस लागते, हा धडा घरबांधणीतून मिळाला. तो दवाखान्यालाही तितकाच लागू होता.

१३/ तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी ‘हॅलो मेडिकल फाउंडेशन’द्वारे हाच धडा आरोग्यात आणला. त्यांच्या उपक्रमात गावातील स्त्रियांना प्रथमोपचार आणि किरकोळ आजारांवरील उपचारांचे शिक्षण मिळाले. त्यांना नाव दिले गेले ‘भारतवैद्य’. या नावाचे महत्त्व कमी लेखू नये. साहाय्यक, सेविका, स्वयंसेवक अशा पदनामांच्या गर्दीत गावच्या बाईला येथे ‘वैद्य’ म्हटले गेले होते.

१४/ १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि ‘आशा’ कार्यकर्ती अवतरली. ती स्त्री असावी, त्याच गावची असावी, हे या वेळी नियमातच होते. जामखेडचा विचार देशभर पोहोचला. मात्र तिच्या मोबदल्याचा मोठा भाग कामागणिक ठरला : दवाखान्यात नेलेले बाळंतपण, पूर्ण झालेले लसीकरण. जे मोजता येते त्याचे पैसे मिळतात. ओसरीवर बसून तासभर ऐकून घेण्यासाठी तक्त्यात रकाना नाही.

१५/ २०१८ मध्ये नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील चार जिल्हे आले. त्यांत गडचिरोली होता आणि धाराशिवही. निर्देशांक मोजले जाऊ लागले, आणि ते मोजायलाच हवेत. तथापि न ऐकण्याची किंमत काय असते, हे पुढच्याच वर्षी शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवले. ऊसतोड कामगार स्त्रियांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे उघड झाले आणि राज्य सरकारने समिती नेमली. सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या सर्वेक्षणात १३ हजारांहून अधिक शस्त्रक्रिया नोंदल्या गेल्या.

१६/ या स्त्रिया दवाखान्यात पोहोचल्या होत्या. अंतराचा अडसर त्यांच्यापुरता संपला होता. अनेकींची मूळ तक्रार पाळीची, पोटदुखीची, पांढरे जाण्याची. तिच्यावर साधे उपचारही असतात. एक दिवस काम बुडाले की मजुरी जाते आणि वर दंड बसतो, त्यातच कर्करोगाची भीती घातली जाते. मग संमतीचा अंगठा लगेच उमटतो. गडचिरोलीत तपासणीच नव्हती, बीडमध्ये थेट शस्त्रक्रिया होती. मधला संवाद दोन्हीकडे हरवला होता.

१७/ रुग्णकेंद्री सेवेचा अर्थ या इतिहासातून लागतो. गोड बोलणे आणि स्वच्छ प्रतीक्षागृह हवेच. पण मुख्य प्रश्न अधिकाराचा आहे. आपले दुखणे आपल्या शब्दांत सांगण्याचा, पर्याय समजून घेण्याचा आणि ‘नको’ म्हणण्याचा अधिकार. जामखेडच्या आणि अणदूरच्या कामात रुग्णाजवळच्या बाईला ज्ञान आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळाली. सरकारी योजनांनी तीच बाई उचलली, तिच्यावर कामाचा भार टाकला आणि प्रतिष्ठा मात्र अर्ध्या वाटेवर सोडली.

१८/ २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा भाग अनिवार्य झाला. पुढे ‘कुटुंब दत्तक’ उपक्रमही आला. त्यात विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबांशी शिक्षणाच्या काळात संपर्क ठेवायचा असतो. धाराशिवचे महाविद्यालय या बदलांच्या काळातच जन्मले आहे. त्याचा विद्यार्थी गावात जाईल तेव्हा त्याला वाट दाखवायला बहुधा आशाताईच असेल. त्या घरातील दुखणे तिला आधीपासून ठाऊक असते. विद्यार्थ्याने वहीत पहिली नोंद तिला विचारून केली, तर जामखेडपासून चालत आलेली वाट या जिल्ह्याच्या दवाखान्यापर्यंत पोहोचेल.