प्रज्वलन-समय, इंजिनातील ठोका आणि शिशाचे पेट्रोल : एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना
पेट्रोल इंजिनात ठिणगी केव्हा पडावी, हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्रज्ञाचा वाटतो. परंतु विसाव्या शतकात या प्रश्नाच्या उत्तराशी मोटारीच्या वेगाबरोबरच सार्वजनिक आरोग्यही निगडित झाले. प्रस्तुत लेखात या संबंधाचा ऐतिहासिक अंगाने विचार केला आहे.

प्रश्नाचे स्वरूप
सिलिंडरमधील मिश्रण एकाच क्षणी पेटत नाही. ज्योत पसरण्यास काही काळ लागतो. दट्ट्या शिरोबिंदू ओलांडून गेल्यावर, क्रँकशाफ्टच्या सुमारे १५ अंशांवर, सर्वोच्च दाब यावा यासाठी ठिणगी आधीच पाडावी लागते. मिनिटाला १००० फेऱ्यांच्या वेगाने क्रँकशाफ्ट २ मिलिसेकंदांत १२ अंश फिरतो, तर ६००० फेऱ्यांच्या वेगाने ७२ अंश. वेगाबरोबर मिश्रणातील खळबळ वाढून ज्वलनही शीघ्र होते. त्यामुळे ठिणगी त्याच प्रमाणात अलीकडे आणावी लागत नाही. सिलिंडर रुंद असल्यास ज्योतीचा प्रवास लांबतो. संपीडन-गुणोत्तर वा टर्बोचार्जरचा दाब वाढवल्यास ज्योत पोहोचण्यापूर्वीच उरलेले मिश्रण आपोआप पेटून ‘ठोका’ बसतो. ठिणगी उशिरा पाडल्यास ठोका टळतो, पण शक्ती घटते.

दोन मार्ग
आरंभीच्या मोटारींत चालक सुकाणूजवळच्या दांड्याने ठिणगी मागेपुढे करीत असे. ठोका ओळखण्याचे साधन म्हणजे त्याचा कान. ब्रिटनमध्ये हॅरी रिकार्डो यांनी ज्वलनकक्षाच्या आकाराकडे लक्ष वळवले. १९१९ च्या सुमारास त्यांनी खळबळ वाढवणारा सिलिंडर-हेड सिद्ध केला. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली यांनी इंधनात उपाय शोधला. ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राइथिल लेडचा गुण त्यांच्या ध्यानी आला आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटन येथे शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. मद्यार्कही ठोका रोखतो, हे तेव्हा ज्ञात होते. तथापि शिसे अत्यल्प प्रमाणात पुरत असे. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. १९२५ मध्ये विक्री थांबली, परंतु १९२६ मध्ये ती पुन्हा सुरू झाली.

यंत्राचा कान
१९७० च्या दशकात उत्प्रेरक परिवर्तक आले. शिसे त्यांना निकामी करीत असल्याने ते वगळणे भाग पडले व अमेरिकी इंजिनांचे संपीडन-गुणोत्तर उतरले. शक्ती परत मिळवण्याचा मार्ग पुन्हा ठिणगीच्या वेळेतूनच सापडला. ब्यूकच्या १९७८ च्या टर्बो व्ही-६ इंजिनात ठोक्याची कंपने टिपणारा संवेदक बसवला गेला. ठोका जाणवताच ठिणगी आपोआप मागे जाई. १९७९ मध्ये बॉशच्या मोट्रॉनिक प्रणालीने इंधन व प्रज्वलन यांचे नियंत्रण एकाच संगणकाकडे सोपवले.

निष्कर्ष
भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. मोटारींसाठी त्याची विक्री करणारा अखेरचा देश अल्जीरिया, तेथे ती २०२१ मध्ये थांबली. ठोका क्षणोक्षणी ओळखणारे साधन १९२१ मध्ये नव्हते, हे खरे. परंतु रिकार्डो यांचे संशोधन आणि मद्यार्क हे पर्याय समोर होते. म्हणून शिशाचा स्वीकार तंत्राची अपरिहार्यता नसून निवड होती, असे म्हणावे लागते; आणि त्या निवडीची किंमत मोटारीत कधीही न बसलेल्यांनीही मोजली.