यंत्रापुढें उघडलेलें मन

दुखणें कोणापुढें उघड करावें, हा प्रश्न वैद्यकाइतकाच जुना आहे. वैद्याच्या जागीं यंत्र बसलें म्हणजे तो सुटेल, असें पुष्कळांस वाटतें. यंत्राला चहाडीची हौस नसते ना!

अमेरिकेंतील प्रो. जोसेफ वायझेनबाउम यांनीं १९६६ सालीं ‘एलायझा’ नांवाची संगणक-आज्ञावली प्रसिद्ध केली. मानसोपचारकाच्या थाटांत, समोरच्याचेच शब्द फिरवून ती उलट प्रश्न करी. समजत तिला कांहींच नसे. हें ठाऊक असूनहि प्राध्यापकांच्या चिटणीस बाईंनीं दोनचार वाक्यें होतांच खुद्द त्यांसच खोलीबाहेर जाण्यास सांगितलें. पुढें हीं संभाषणें आपणांस वाचतां येतील अशी सोय करण्याचें त्यांनीं सुचवितांच ‘ही हेरगिरी होय’ असा गिल्ला झाला. लोक बुजले ते यंत्रास नव्हे, यंत्राआडून वाचणाऱ्या माणसास.

लंडनचें प्रकरण आम्ही याच जातीचें समजतों. तेथील रॉयल फ्री रुग्णालयसंस्थेनें २०१५ सालीं गूगलच्या मालकीच्या डीपमाइंड कंपनीस सुमारें १६ लक्ष रोग्यांची माहिती दिली. मूत्रपिंडाच्या अकस्मात् बिघाडाची सूचना डॉक्टरांच्या हातांतील फोनवर तत्काळ मिळावी, हा हेतु चांगलाच होता. पण रोग्यांस त्याची पुरेशी कल्पना दिलेली नव्हती, आणि २०१७ सालीं संस्थेनें कायदा पाळला नाहीं असा माहिती-आयुक्तांनीं निर्णय दिला. गंमत अशी कीं, त्या उपकरणांत कृत्रिम बुद्धि नव्हतीच. बदनामी मात्र तिच्या वांट्यास आली. ज्यांच्या मूत्रपिंडाची कांहींएक तक्रार नव्हती, त्यांचींहि टिपणें त्या ढिगांत होतीं, हें आम्हांस अधिक खटकतें.