वीकेंड क्रूझ की पन्हाळा–पावनखिंड? दोन दिवसांच्या सहलीचा जुना हिशोब

आजचा भाग पन्हाळ्यावरून. मागे वारा ऐकू येतोय ना? तो एडिटिंगमध्ये काढलेला नाही, राहू दे म्हटलं.

गेल्या काही आठवड्यांत एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांनी विचारलाय. "शुक्रवारी मुंबईहून क्रूझ, रविवारी परत. दोन रात्रींसाठी एवढे पैसे घालावेत का?" आता हा इतिहासाचा पॉडकास्ट आहे, ट्रॅव्हल एजन्सी नाही. पण प्रश्नाच्या पोटात खरा इतिहासाचा प्रश्न आहे: दोन दिवसांच्या प्रवासातून माणसाला नक्की काय मिळतं? म्हणून आज क्रूझचा इतिहास थोडा आणि पन्हाळ्याचा जरा जास्त. शेवटी माझं मतही सांगतो.

आधी क्रूझ. ही कल्पना कुठून आली? १८९१ साली. जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या एका मोठ्या जहाज कंपनीत आल्बर्ट बालिन नावाचा माणूस होता. कंपनीची जहाजं युरोपातून अमेरिकेला माणसं न्यायची. पण हिवाळ्यात उत्तर अटलांटिक खवळलेला, थंडी मरणाची, प्रवासी कमी. जहाज मात्र उभं असलं तरी खर्च खातंच. बालिनने डोकं चालवलं आणि जानेवारी १८९१ मध्ये 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज भूमध्य समुद्रात नुसतं फिरायला पाठवलं. पोहोचायचं कुठेच नव्हतं, सगळे परत घरीच येणार होते. म्हणजे क्रूझचा जन्म रिकाम्या जहाजाचं काय करायचं या हिशोबातून झाला.

आणि छोटी, वीकेंडची क्रूझ? तिची गोष्ट आणखी मजेशीर. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. पण कायदा किनाऱ्यापासून ठराविक अंतरापर्यंतच चालायचा. मग जहाजं खोल समुद्रात जायची, लोक निवांत प्यायचे आणि जहाज परत धक्क्याला लागायचं. मधे बंदर नाही, गाव नाही. त्याला नावच पडलं, 'कुठेही न जाणारी क्रूझ'. आज मुंबईहून निघून खोल समुद्रात चक्कर मारून मुंबईलाच परतणारी पॅकेजं पाहिलीत तर त्यांचं मूळ हे आहे. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई–गोवा 'आंग्रिया' सुरू झाली, २०२१ मध्ये 'कॉर्डेलिया' आली. डेक, जेवण, शो, सेल्फी. तिथे जहाज हेच गाव.

आता याच किनाऱ्यावर आपल्या आजी-आजोबांच्या पिढीचा बोटीचा प्रवास आठवा. कोकणातल्या माणसाला बोट म्हणजे मौज नव्हती, गरज होती. भाऊच्या धक्क्यावरून निघायचं आणि आपापल्या बंदराला उतरायचं. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिनासुद्धा उरला नव्हता, रेवसला निघालेली 'रामदास' बोट भर पावसाळ्यात बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आषाढी अमावास्येला घरी निघालेले कितीतरी चाकरमानी त्यात होते. त्याच पाण्यावर आज आपण संगीत लावून फिरतो. यात वाईट काही नाही. पण जुलैचं पाणी आणि जुलैचा पाऊस आपल्याकडे कधीच फक्त 'व्ह्यू' नव्हता, एवढं डोक्यात ठेवून पन्हाळ्याकडे येऊ.

कारण पन्हाळ्याची सगळ्यात मोठी गोष्टसुद्धा जुलैमधलीच आहे आणि तीही एका रात्रीची नि एका दिवसाची.

थोडा संदर्भ. १० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली अफजलखान संपला. त्यानंतर अवघ्या १८ दिवसांत, २८ नोव्हेंबरला, पन्हाळा शिवाजी महाराजांच्या ताब्यात होता. हा वेग बघा! पण आदिलशाही गप्प बसणार नव्हती. सिद्दी जौहर मोठी फौज घेऊन आला आणि मार्च १६६० मध्ये गडाला वेढा पडला. मार्च, एप्रिल, मे, जून. चार महिने!

इतका काळ गड टिकला कसा? गडावर आलात तर अंबरखाना नीट बघा. गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांची नावं आहेत. एकट्या गंगा कोठीत पंचवीस हजार खंडी धान्य मावायचं असं सांगतात. मग अंधार बाव बघा. विहिरीवर मजल्यांचं बांधकाम, म्हणजे पाण्यावर पहारा. लोक तिथे 'भारी थंड आहे रे आत' म्हणून दोन फोटो काढतात आणि निघतात. पण वेढ्यात माणूस तलवारीच्या आधी धान्य आणि पाण्यावर जगतो. हे समजून या दोन इमारती पाहिल्या तर चार महिन्यांचं कोडं तिथेच सुटतं.

वेढ्यात आणखी एक पात्र आलं, राजापूरच्या वखारीतले इंग्रज. हेन्री रेव्हिंग्टन तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आला. व्यापारी म्हणून आलेली कंपनी दुसऱ्याच्या लढाईत उतरली. त्याची किंमत त्यांनी १६६१ मध्ये मोजली. महाराजांनी राजापूर गाठलं, वखार लुटली आणि रेव्हिंग्टनसकट इंग्रज कैदेत गेले.

पण जुलै १६६० मध्ये परिस्थिती बिकट होती. बाहेरून वेढा फोडायचा नेताजी पालकरांचा प्रयत्न फसला होता. तिकडे शायिस्ताखान मे महिन्यातच पुण्यात येऊन बसला होता आणि चाकणचा किल्ला लढत होता. म्हणजे दोन आघाड्या आणि राजा एका गडावर अडकलेला. बाहेर पडणं हा शौर्याचा हट्ट नव्हता, दुसरा मार्गच उरला नव्हता.

१२ जुलैची रात्र. आषाढी पौर्णिमेच्या सुमाराचे दिवस, पण आकाशात चंद्रापेक्षा ढग जास्त. शरण येतो असा निरोप आधी गेलेला, त्यामुळे वेढा थोडा सैल पडलेला. सुमारे सहाशे मावळे निघाले, त्यात बांदलांची माणसं मोठ्या संख्येने. दोन पालख्या. एकीत महाराज, दुसरीत त्यांच्यासारखा दिसणारा शिवा काशीद, इथल्याच पायथ्याच्या नेबापूरचा. तो पकडला गेला, ओळख पटली आणि मारला गेला. त्याने मिळवून दिलेल्या वेळात खरी पालखी पुढे सरकली. मग सिद्दी मसूदचा पाठलाग आणि घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे. विशाळगडावरून तोफांची इशारत होईपर्यंत खिंड लढायची ठरलेली. आणि विशाळगडही मोकळा नव्हताच! सूर्यराव सुर्वे आणि जसवंतराव दळवी यांनी त्याला वेढा घातलेला. रात्रभर चालून आलेल्या माणसांनी तो वेढाही फोडला. खिंडीचं नाव पुढे पावनखिंड झालं.

आता शाळेत सहसा न सांगितलं जाणारं. या सगळ्यानंतर काय झालं? सप्टेंबर १६६० मध्ये पन्हाळा तह करून आदिलशहाला देऊन टाकावा लागला. म्हणजे ज्या रात्रीचा आपण जयजयकार करतो ती माघारीची रात्र होती. गड गेला, राजा वाचला. गड परत यायला तेरा वर्षं लागली. मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद अवघे साठ गडी घेऊन रात्री वर चढला आणि पन्हाळा पुन्हा स्वराज्यात आला. त्या विजयावर जयराम पिंड्ये यांनी 'पर्णालपर्वतग्रहणाख्यान' हे संस्कृत काव्यच रचलं. माघार घेता येणं ही पण एक ताकद असते, हे मला शाळेतल्या पुस्तकापेक्षा या वाटेवर जास्त कळलं.

कारण ही वाट आजही चालता येते. दर वर्षी जुलैमध्ये बऱ्याच संस्था आणि ग्रुप पन्हाळा ते पावनखिंड अशी दोन दिवसांची मोहीम काढतात. बाजीप्रभूंच्या पुतळ्याजवळ जमायचं, गड उतरून तुरुकवाडीकडे निघायचं, मग म्हाळुंगे, मसाई पठार, कुंभारवाडी, खोतवाडी. पहिला मुक्काम करपेवाडीच्या आसपास, दुसऱ्या दिवशी पांढरपाणीवरून खिंड. एकूण पन्नास किलोमीटरच्या वर.

म्हणजे वीकेंडच! क्रूझएवढाच वेळ. खर्च तिच्यापुढे किरकोळ. मग यात काय मिळतं?

पहिली गोष्ट, अंतर अंगात उतरतं. पुस्तकात 'पन्हाळ्याहून विशाळगड' हे दोन शब्द आहेत. मसाई पठारावर ते तीन तास होतात. पठार सपाट, जांभ्या दगडाचं, आडोसा कुठेच नाही. पाऊस समोरून येत नाही, आडवा येतो. धुक्यात पुढचा माणूस दिसेनासा होतो. मी तिथे उभं राहून एवढाच विचार केला: आमच्याकडे दिवसाचा उजेड आहे, पायात बूट आहेत, सॅक टेम्पोतून पुढे गेलीये, रात्री गरम आमटी-भात मिळणार आहे. त्यांच्याकडे अंधार होता, खांद्यावर पालखी होती आणि मागे घोडदळ. आम्ही दोन दिवस घेतो, त्यांनी ते एका रात्रीत आणि दुसऱ्या दिवसात केलं.

दुसरी गोष्ट, भूगोल कळतो. पश्चिमेकडे जाल तसा पाऊस वाढतो, झाडी दाट होते, जळवा लागायला लागतात. हे कासारी नदीचं वरचं खोरं. हीच कासारी पुढे कुंभी, तुळशी, भोगावतीबरोबर पंचगंगा होते. कोल्हापूरच्या घाटावर आपण जे पाणी बघतो त्यातलं थोडं या डोंगरातून आलेलं असतं. चिखल आणि भरलेले ओढे पाठलागावरच्या घोड्यांना किती जड गेले असतील हे तिथे पाय रुतला की कळतं. अरुंद खिंडीत थोड्या माणसांनी मोठी फौज कशी अडवली असेल हेही तिथे उभं राहिल्यावर दिसतं.

तिसरी गोष्ट, माणसं. वाटेवरच्या वाड्यांमध्ये लोक ओसरीवर जागा देतात. "या, बसा, च्या घ्या," म्हणतात. त्यांच्यासाठी ही मोहीम नाही, रोजची वाट आहे. रोप लावणीचे दिवस असतात, बायका इरलं घेऊन चिखलात वाकलेल्या असतात आणि आपण मधूनच घोषणा देत जातो. थोडा आवाज कमी केला तर बरं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवून चालणार नाही. काही मोहिमांना शेकड्याने माणसं येतात. मागे राहतात बिस्किटांचे पुडे, पाण्याच्या बाटल्या, रेनकोटचे फाटके तुकडे. काही जण खिंडीत पोहोचतात आणि पहिलं काम रील. काही जण आयुष्यात पाच किलोमीटर न चाललेले असतात आणि पहिल्याच संध्याकाळी गुडघे धरून बसतात. पन्हाळ्यालाही गर्दीचा ताण आहे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत गडावर येणारा मुख्य रस्ताच खचला होता. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे १२ किल्ले आले, त्यात पन्हाळा आहे. अभिमान आहेच. पण हा गड नुसतं स्मारक नाही, इथे लोक राहतात, दुकानं आहेत, शाळा आहे. बोर्ड लागला म्हणून गाड्या वाढणार, आणि त्या वाढल्या की आधी इथल्यांचीच वाट अडणार.

मग हिशोब काय? माझं मत असं. क्रूझला जायचं असेल तर आरामासाठी जा. दमलेल्या माणसाने दोन दिवस समुद्राकडे बघत बसणं यात काहीही चुकीचं नाही. आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर तेही छान. फक्त 'समुद्र पाहिला', 'कोकण पाहिलं' असं म्हणू नका. आपण एक हॉटेल पाहिलं, ते पाण्यावर होतं. ती वस्तू पहिल्यापासून त्यासाठीच बनलीये आणि ते काम चोख करते.

पण तुम्हाला दोन दिवसांतून काहीतरी घरी घेऊन यायचं असेल, तर पन्हाळा. त्यातही फक्त तीन दरवाजा, सज्जा कोठी, झुणका-भाकर आणि संध्याकाळी परत असं नको. पावनखिंडीची पूर्ण मोहीम झेपणार नसेल तर नका करू, तिथे कोणाला काही सिद्ध करायचं नाहीये. नोव्हेंबरात या. एक दिवस गड नीट पायी फिरा, अंबरखान्यात अर्धा तास थांबा. दुसऱ्या दिवशी फक्त मसाई पठारापर्यंत चाला आणि परत या. जुलैतच यायचं असेल तर महिनाभर आधी चालायचा सराव करा, लहान ग्रुप निवडा, आपला कचरा आपल्याच सॅकमध्ये परत आणा. निघायच्या आधी हवामान खात्याचा इशारा बघा, आणि रेड अलर्ट असेल तर बेत रद्द करा. माघार घेणं काय असतं ते आत्ताच बोललो आपण.

जाताना नेबापूरला शिवा काशीदच्या समाधीपाशी थांबायला विसरू नका. बाजीप्रभूंपाशी गर्दी असते, तिथे बहुतेक वेळा नसते.

पुढच्या भागात १८४४ चं गडकऱ्यांचं बंड आणि पन्हाळ्याचा चार दरवाजा इंग्रजांनी का पाडला, ते बघू. तोवर तुमच्या दोन दिवसांच्या सहलींबद्दल कळवा. कुठे गेलात, आणि परत आल्यावर काय उरलं, तेवढंच सांगा. काळजी घ्या!