फटाणी, रेडिओ आणि सरदार

बारडोलीत मी लग्न होऊन आले ती 1974 साली. माहेर सांगलीचं, त्यामुळे लग्नातली गाणी म्हणजे जात्यावरच्या ओव्या नाहीतर रुखवताची, एवढंच मला ठाऊक. इथे आल्यावर महिनाभरातच शेजारच्या पाटीदारांच्या घरी लग्नाला गेले आणि पहिल्यांदा फटाणी ऐकली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, फटाणं म्हणजे लग्नात बायकांनी समोरच्या पक्षाला गाण्यातून दिलेल्या शिव्या. वराची आई कशी चोरटी, मामा कसा खादाड, करवल्या कशा नकट्या. टाळ्यांच्या ठेक्यावर, चढ्या आवाजात, आणि पुरुष ऐकताहेत हे माहीत असूनही. मी लाजून लाल. सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अगं, वर्षभर तोंड मिटून राहायचं, एक दिवस तरी उघडू दे की."

आमचं घर मराठी, पण दोन पिढ्या बारडोलीत काढलेल्या. सासूबाईंना गुजराती फटाणी पन्नास-साठ तरी पाठ असतील. त्यातलीच पंधरा-वीस मी शिकले, आणि खरं सांगायचं तर पुढे मंडळात मीच ती पुढे होऊन म्हणू लागले. आवाज होता, ठसका होता. त्यातलं एक फटाणं मूल नसलेल्या बाईवर होतं. ते मी पंचवीस वर्षं म्हटलं.

त्याबद्दल नंतर सांगते. आधी रेडिओचं.

मध्यंतरी माझी भाची कॅनडातून आली होती. ती सांगत होती, 2018 च्या नाताळात तिकडे एका जुन्या गाण्यावरून मोठा वाद झाला. गाणं 1944 चं, 'बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड'. बाई घरी जायचं म्हणतेय आणि पुरुष बाहेर थंडी आहे म्हणत तिला थांबवतोय, असा संवाद. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या एका रेडिओ केंद्रानं ते लावणं बंद केलं, बाईच्या 'नाही'ला इथे किंमतच नाही म्हणून. कॅनडाच्या सरकारी रेडिओनंही बंद केलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा सुरू केलं. भाची म्हणाली, "मावशी, आपल्याकडे असं कधी झालं नसेल ना?"

मला हसूच आलं. आपल्याकडे झालंय, आणि किती थरांनी झालंय!

त्या गाण्याबद्दल पुढे वाचलं तेव्हा एक गोष्ट मनात राहिली. फ्रँक लेसर या संगीतकारानं ते घरच्या पार्टीत बायकोबरोबर म्हणायला लिहिलं होतं. चार-पाच वर्षं दोघं ते मित्रमंडळींत म्हणत. मग त्यानं ते सिनेमाला विकलं, त्याला ऑस्कर मिळालं, आणि बायको म्हणाली की तिचा विश्वासघात झाल्यासारखं तिला वाटलं. घरातलं गाणं बाजारात गेलं की त्याचा अर्थ बदलतो. चार भिंतींत जी थट्टा असते ती चव्हाट्यावर थट्टा राहत नाही. फटाण्यांचंही तसंच आहे.

आता आपल्या रेडिओकडे येऊ. माझ्या लहानपणी दर बुधवारी रात्री आठ वाजता आमच्या वाड्यातल्या बायका शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जमत. आमच्या जैनांच्या घरांत दिवस मावळायच्या आत जेवणं उरकलेली, भांडी घासून पालथी घातलेली, त्यामुळे बुधवारी आम्ही सगळ्यांच्या आधी जागा धरून बसायचो. काकूंच्या रेडिओवर सिलोन लागायचं आणि अमीन सायानींचा आवाज यायचा. बिनाका गीतमाला. आपल्या देशातली गाणी ऐकायला आपण परक्या देशाचं केंद्र का लावतो, हा प्रश्न तेव्हा मला पडला नव्हता. उत्तर खूप उशिरा कळलं, आणि ते एका पुणेकराशी जोडलेलं निघालं.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. 1903 साली पुण्यात जन्मलेले. 1952 साली नेहरूंच्या मंत्रिमंडळात माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि 1962 पर्यंत राहिले. त्यांच्या मते सिनेमाची गाणी उथळ, पाश्चात्त्य चालींची उष्टी, आणि बरीचशी अश्लील. रेडिओनं लोकांना शास्त्रीय संगीत ऐकवावं. विचार वाईट म्हणू नये, आपल्या घरातले आजोबाही हेच म्हणायचे. पण आजोबांच्या हातात सगळ्या देशाच्या रेडिओचं बटण नव्हतं. केसकरांनी सिनेमाच्या गाण्यांचा वाटा कमी करून दहा टक्क्यांवर आणला आणि गाण्याबरोबर सिनेमाचं नाव सांगायचं नाही, नाहीतर ती फुकटची जाहिरात होते, असा नियम केला. निर्माते चिडले. त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. 1952 च्या मध्यावर आपल्या रेडिओवरून सिनेमाचं गाणं जवळजवळ नाहीसं झालं.

म्हणजे लक्षात घ्या, एखाददुसऱ्या वाईट ओळीसाठी सगळीच्या सगळी गाणी गेली. चांगली, वाईट, भजनं, अंगाई, सगळी. तांदूळ निवडायला बसावं आणि खडे सापडतात म्हणून सूपच उकिरड्यावर रिकामं करावं तसं.

लोक काय करणार? सिलोनकडे वळले. तिथं दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बसवलेलं जबरदस्त ट्रान्समीटर होतं, त्याचा आवाज आपल्याकडे स्वच्छ यायचा. त्याच वर्षी डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली असं सायानी सांगत असत. शेवटी सरकारलाच पाच वर्षांनी, 3 ऑक्टोबर 1957 रोजी, विविध भारती काढावी लागली, आणि जी गाणी वाजवायची नव्हती तीच तिथं वाजू लागली. केसकर मात्र मंत्रिपदावर होतेच.

एवढं वाचून मी थांबले असते. पण केसकरांच्या मागे जाताना मला आमच्या बारडोलीचाच माणूस भेटला, आणि मग मला दोन दिवस काही सुचेना.

बारडोलीत राहणाऱ्या कुणालाही 1928 सांगावं लागत नाही. सरकारनं शेतसारा बावीस टक्क्यांनी वाढवला, शेतकऱ्यांनी भरायचा नाही म्हणून शपथ घेतली, फेब्रुवारी ते ऑगस्ट लढा चालला. जप्तीवाल्यांनी म्हशी नेऊ नयेत म्हणून माणसं आणि गुरं एकाच घरात कड्या लावून राहिली. अंधारात राहून म्हशींचा काळा रंग फिका पडला होता असं महादेवभाई देसाईंनी लिहून ठेवलंय. मिठूबेन पेटिट, भक्तिबा देसाई, मणिबेन पटेल या बाया गावोगाव फिरत होत्या. सभांना बायका झुंडीनं येत, आणि गाणी म्हणत. वल्लभभाईंना 'सरदार' ही पदवी बारडोलीच्या बायकांनीच दिली असं इथे घरोघर सांगतात. सासूबाई तर असं सांगत की जणू त्यांनीच ती दिली. स्वराज आश्रमात पाहुण्यांना घेऊन गेलं की मीही ते अभिमानानं सांगते.

तेच सरदार 1946 च्या हंगामी सरकारात गृहमंत्री होते आणि माहिती व नभोवाणी खातंही त्यांच्याकडे होतं. तेव्हा त्यांनी रेडिओला आदेश दिला की ज्यांचं खासगी आयुष्य लोकांत बदनाम आहे अशा कलावंतांना गायला बोलावू नये.

वाक्य वाचताना साधं वाटतं. पण त्या काळी रेडिओवर गाणाऱ्या बायका कोण होत्या? घरंदाज म्हणवणाऱ्या घरांनी आपल्या मुली गायला पाठवल्या नव्हत्या. ठुमरी, दादरा, गझल, होरी हे सगळं ज्यांनी पिढ्यान्पिढ्या सांभाळलं त्या कोठ्यावरच्या आणि देवळाच्या परंपरेतल्या बाया होत्या. त्यांचं खासगी आयुष्य 'बदनाम' कुणी केलं? त्यांच्याकडे जाणारे पुरुष तर कौन्सिलात आणि दरबारात बसत होते, त्यांची भाषणं रेडिओवर चालत होती. आदेशात शब्द 'कलावंत' असला तरी तो लागू कुणाला पडला हे सांगायला नको. केसकरांनी गाण्याला हाकललं, त्याआधी इथे गाणाऱ्या बाईला हाकललं गेलं होतं.

रेडिओच्या त्या काळाबद्दल वाचताना मला सारखी अख्तरीबाई फैजाबादी आठवतात. 1945 साली त्यांनी बॅरिस्टर अब्बासींशी लग्न केलं आणि गाणं बंद झालं. काही वर्षं त्या गायल्याच नाहीत, आजारी पडल्या. 1949 साली लखनौच्या रेडिओवर परत गायल्या तेव्हा त्यांचं नाव होतं बेगम अख्तर. गळा तोच, पण 'बाई' जाऊन 'बेगम' आली तेव्हा तो ऐकण्यासारखा झाला. आपल्या मराठीत 'बाई' हा किती मानाचा शब्द! सासूबाई, आईबाई, मुख्याध्यापिकाबाई. तोच शब्द गाणाऱ्या बाईच्या नावापुढे आला की लोकांच्या भुवया वर.

सरदारांबद्दल मी हे लिहिलं म्हणून बारडोलीत काही जण नाराज होतील. माझा त्यांच्याबद्दलचा आदर कमी झालेला नाही. पण ज्या बायकांनी त्यांना पदवी दिली त्यांनीच त्यांना हे विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही, कारण त्यासुद्धा स्वतःला घरंदाज बायकांत मोजत होत्या. मीही मोजते. आपल्या समाजातल्या कुठल्या घरानं तेव्हा अशा गायिकेला अंगणात बसवलं असतं?

पुढची बंदीची यादी लांबलचक आहे, मी भरभर सांगते. 1971 साली 'दम मारो दम' रेडिओनं लावलं नाही, नशेचं गाणं म्हणून. 1976 साली आणीबाणीत किशोरकुमारची गाणी बंद झाली, त्यात शब्दांचा प्रश्नच नव्हता, सरकारच्या कार्यक्रमाला तो आला नाही एवढाच गुन्हा. 1993 मध्ये 'खलनायक'मधल्या चोळीच्या गाण्यावर गदारोळ झाला, कोर्टात दावा झाला, दूरदर्शन-आकाशवाणीनं ते दूर ठेवलं, आणि तोवर आमच्या बारडोलीच्या गरब्यात ते वाजूनही झालं होतं.

पण 2007 चं उदाहरण वेगळं आहे. 'आजा नचले'च्या शीर्षकगीतात चांभार समाजाला लागेल अशी एक ओळ होती. त्या समाजानं आवाज उठवला, उत्तर प्रदेशात सिनेमावर बंदी आली, निर्मात्यांनी माफी मागून ओळ काढली. (दोन्ही सिनेमांत नाचली आपली माधुरीच, हा योगायोग.) मंडळात काही जणी म्हणाल्या, एवढ्याशा ओळीचं काय ते! तिथं मला पहिल्यांदा फरक जाणवला. केसकर आणि सरदार वरून ठरवत होते, लोकांना काय ऐकणं बरं. इथे ज्याला काटा रुतला तोच 'काटा आहे' म्हणाला. आणि ओळ गेली, गाणं राहिलं.

फटाण्यांवरही बंदीचे प्रयत्न झालेच. एकोणिसाव्या शतकात दलपतराम कवींसारख्या सुधारकांना ती असभ्य वाटली, त्यांनी बायकांना लग्नात म्हणायला शुद्ध मंगल गाणी लिहून दिली. बायकांनी ती म्हटली, आणि फटाणीही म्हटली. आपल्या समाजातल्या पंचांनीही अधूनमधून ठराव केले. त्यांना बोचायचं ते व्याह्यांची टिंगल. मूल नसलेल्या बाईच्या गाण्यावर कुणी पंच कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

माझ्या वन्संना मूल नव्हतं. त्या नवसारीला असत, प्रत्येक लग्नाला येत. ते फटाणं सुरू झालं की त्या पाणी प्यायला म्हणून उठत. मला वाटायचं, त्यांना गर्दीचा त्रास होतो. पंचवीस वर्षं मला तसंच वाटत राहिलं, किंवा तसं वाटून घेणं सोयीचं होतं.

भाचीशी बोलणं झालं त्याच वर्षी पुतण्याचं लग्न होतं. मंडळात मी सांगून टाकलं, ते फटाणं आजपासून म्हणायचं नाही. थोडी कुरकुर झाली. एक म्हातारी म्हणाली, "मग काय आता आम्ही स्तवनं म्हणू मांडवात?" पण माझं ऐकलं. त्या रात्री बाकीची सगळी फटाणी झाली, मामांना खादाड म्हणून झालं, करवल्यांची नाकं कापून झाली. वन्सं एकदाही उठल्या नाहीत.

सगळं आवरल्यावर ओसरीवर आम्ही दोघीच बसलो होतो. त्या म्हणाल्या, "आज ते नाही म्हटलंस."

मी म्हटलं, "हो, काढून टाकलं."

त्यांनी पायाची बोटं चोळत थोडा वेळ घेतला. मग म्हणाल्या, "आता मी एकाहत्तर वर्षांची आहे गं. आता कोण मला वांझ म्हणणार? तेव्हा काढायचं होतंस."