बाल-विज्ञानस्पर्धांचा पूर्वेतिहास व त्यांचा खरा हेतु

परमेश्वराच्या कृपेनें आपल्या धर्मग्रामाचा महोत्सव साजरा होत असतां देवळाच्या इतिहासाबरोबर शाळेच्या इतिहासाकडेहि लक्ष जाणें साहजिक आहे. कारण ज्या श्रद्धेनें आपल्या पूर्वजांनीं देवळाच्या भिंती उभारल्या, त्याच श्रद्धेनें त्यांनीं शाळेवर छप्पर घातलें. अलीकडे प्राथमिक शाळेंतील मुलांना विज्ञानाच्या व यंत्रविद्येच्या स्पर्धांत उतरविण्याची चाल सर्वत्र पडली आहे. कोणी पुठ्ठ्याचा पूल बांधतो, कोणी पाणी गाळण्याचें साधन करतो, तर कोणी विजेरीवर चालणारी गाडी घेऊन येतो. ही चाल आली कोठून, तिच्या मुळाशीं हेतु कोणता होता आणि तो आज कितपत टिकला आहे, याचा थोडक्यांत विचार करण्याचें योजिलें आहे.

शिक्षणांत चढाओढ ही कांहीं आजची गोष्ट नव्हे. संत पौलानें ख्रिस्ती जीवन समजावून देतांना शर्यतींत धांवणाऱ्यांचा दृष्टांत घेतला आहे. येशूसंघाच्या विद्यालयांसाठीं १५९९ सालीं 'रात्सिओ स्तुदिओरुम' नांवाची जी नियमावली मुक्रर झाली, तींत प्रत्येक विद्यार्थ्यास एक प्रतिस्पर्धी नेमून द्यावा व एक चुकला असतां दुसऱ्यानें ती चूक सुधारावी, अशी योजना होती. बक्षिसांचेहि नियम त्यांत स्वतंत्र दिले आहेत. परंतु तीं बक्षिसें मुख्यत्वें लॅटिन व ग्रीक भाषांतील गद्यपद्य लेखनासाठीं होतीं. गणिताच्या अध्यापकास निराळाच नियम घालून दिला होता. दर महिन्यास, निदान एक महिन्याआड, एका विद्यार्थ्यानें तत्त्वज्ञान व ईश्वरविज्ञान शिकणाऱ्यांच्या मोठ्या सभेपुढें एखादा प्रसिद्ध प्रश्न सोडवून दाखवावा, आणि योग्य वाटल्यास आपल्या उत्तराचें मंडनहि करावें, असा तो नियम होता. या विद्यालयांत गणितास मान मिळावा म्हणून झटणारे फादर ख्रिस्तोफर क्लावियुस हे १५८२ सालच्या ग्रेगरीय पंचांगाच्या कामांतील एक प्रमुख पंडित होते. ते विद्यार्थी वयानें मोठे होते हें खरें. तथापि चार लोकांसमक्ष उभें राहून आपण केलेल्या कामाचा जबाब आपणच देणें, हें जें आजच्या बालस्पर्धांचें मर्म, त्याचें बीज या नियमांत स्पष्ट दिसतें.

यानंतर सुमारें सव्वातीनशें वर्षांनीं या बीजास निराळ्याच भूमींत अंकुर फुटला. अमेरिकेंत न्यूयॉर्क शहरीं 'अमेरिकन इन्स्टिट्यूट' नांवाची संस्था १८२८ सालीं स्थापन झाली होती. शेती, व्यापार व कारखानदारी यांची वाढ व्हावी म्हणून ती मोठीं प्रदर्शनें भरवीत असे. शोधक आपलीं नवीं यंत्रें तेथें आणीत व गुणवंतांस पारितोषिकें मिळत. या संस्थेस शंभर वर्षें झालीं, त्याच १९२८ सालीं तिनें मुलांचें स्वतंत्र प्रदर्शन सुरू केलें. आपल्या शताब्दीच्या वर्षीं एका जुन्या संस्थेस मुलांची आठवण व्हावी, ही गोष्ट महोत्सव साजरा करणाऱ्या आम्हांस विचार करावयास लावणारी आहे. प्रारंभीं त्या प्रदर्शनांत बागाईत, वनस्पति व निसर्गनिरीक्षण यांवर भर होता. शहरांत वाढणाऱ्या मुलास माती व झाडपाला यांची ओळख व्हावी, हा हेतु होता. पुढें विजेचीं उपकरणें व रसायनाचे प्रयोगहि त्यांत आले. योगायोग असा कीं, त्याच १९२८ सालीं आपल्याकडे पुण्यास 'सृष्टिज्ञान' हें शास्त्रविषयक मराठी मासिक निघूं लागलें.

पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत राष्ट्रास शास्त्रज्ञ व इंजिनियर हवेत, ही निकड वाढली. १९४२ सालीं अमेरिकेंत होतकरू शास्त्रज्ञ निवडण्याची देशव्यापी स्पर्धा सुरू झाली, व १९५० सालीं फिलाडेल्फिया येथें पहिलें राष्ट्रीय विज्ञान-प्रदर्शन भरून त्यांत ३० विद्यार्थी आले. परंतु हीं दोन्ही कार्यें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठीं होतीं. लहान मुलें कांहीं काळ मागें पडलीं. त्यांच्याकडे पुन्हां लक्ष वळविणाऱ्या प्रयत्नांपैकीं एक १९९८ सालीं सुरू झालेली 'फर्स्ट लेगो लीग' ही होय. नऊ वर्षांपासूनचीं मुलें खेळण्याच्या ठोकळ्यांचें चालतें यंत्र बनवितात. तें अडीच मिनिटांत, आधीं घालून दिलेल्या आज्ञांप्रमाणें, आपोआप कामें करतें. पण केवळ तेवढ्यावर निकाल लागत नाहीं. यंत्र असें कां केलें, कोणती युक्ति फसली, कोणी कोणास साह्य केलें, हें मुलांना परीक्षकांपुढें स्वतः सांगावें लागतें. वडील माणसांनीं वाट दाखवावी, काम मात्र मुलांनींच करावें, असा तेथील दंडक आहे. म्हणजे चारशें वर्षांपूर्वींचा तो जबाबाचा नियम येथेंहि कायम आहे.

आतां स्वदेशाकडे वळूं. १९७१ सालापासून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद मुलांचें राष्ट्रीय विज्ञान-प्रदर्शन भरवीत आली. मुंबईंत वरळी येथें १९७९ सालीं, आंतरराष्ट्रीय बालवर्षांत, मुलांना हाताळतां येतील अशा उपकरणांचें विज्ञान-उद्यान उघडण्यांत आलें. पुढें १९८१ सालीं मुंबईच्या विज्ञान-शिक्षकांच्या संघटनेनें डॉ. होमी भाभा यांच्या नांवानें बालवैज्ञानिक स्पर्धा सुरू केली. ती सहावी व नववी या दोन इयत्तांसाठीं आहे. प्रथम लेखी परीक्षा. तींतून निवडलेल्यांची प्रयोगपरीक्षा. आणि शेवटीं मुलाखत व स्वतः केलेला एक लहानसा शोधप्रकल्प, अशा पायऱ्या तिला आहेत. पाठांतरानें पहिली पायरी कदाचित् चढतां येईल. परंतु पुढें हातांत परीक्षानळी आली म्हणजे पाठांतर निरुपयोगी ठरतें, हें त्या शिक्षकांनीं जाणलें होतें. १९९३ सालापासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषद भरूं लागली. तींत दहा वर्षांवरील मुलें आपल्याच परिसरांतील पाणी, माती, पीक यांविषयीं एखादा प्रश्न घेऊन त्याचा छडा लावतात व तो आपल्या भाषेंत मांडतात. त्यानंतर केंद्र सरकारची 'इन्स्पायर' योजना आली व सहावीपासूनच्या मुलांच्या नव्या कल्पनांस द्रव्यसाह्य मिळूं लागलें.

एवढा इतिहास पाहिल्यावर एका दोषाकडे डोळेझांक करतां येत नाहीं. आज बाजारांत तयार प्रतिकृति विकत मिळतात. स्पर्धेच्या तयारीसाठीं खासगी वर्ग निघाले आहेत व त्यांचें शुल्क मजुराच्या घरास झेपणारें नाहीं. पुष्कळ ठिकाणीं रात्रभर जागून यंत्र जुळवितो तो बाप, आणि सकाळीं पदक गळ्यांत पडतें तें मुलाच्या. अशा घरीं मूल दोन गोष्टी शिकतें: दुसऱ्याचें काम आपलें म्हणून सांगणें, आणि द्रव्य असलें म्हणजे मान मिळतो असें मानणें. यंत्रविद्या मात्र तें शिकत नाहीं. ज्यानें फुटक्या डब्याची व सुतळीची कांहीं करामत केली, तें गरिबाचें मूल शेजारच्या झगमगाटापुढें खालीं मान घालून उभें राहतें. खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा आपण मुलांकडून तोंडपाठ करून घेतों. प्रदर्शनाच्या मेजावर ती मोडण्यास आपणच त्यांना कसें शिकवावें?

पराभवानें खचणाऱ्या मुलांस मठवासी ग्रेगोर मेंडेल यांचें चरित्र सांगावें. शिक्षकाच्या सरकारी परीक्षेंत ते १८५० सालीं अनुत्तीर्ण झाले. १८५६ ते १८६३ पर्यंत ब्रून येथील मठाच्या बागेंत त्यांनीं वाटाण्याचीं हजारों रोपें वाढविलीं, मोजलीं व त्यांची नोंद ठेविली. १८६५ सालीं तें सर्व विद्वानांपुढें वाचून दाखविलें, तेव्हां कोणीं विशेष दाद दिली नाहीं. १८८४ सालीं ते देवाघरीं गेले, व १९०० सालीं जगास त्यांच्या शोधाची महती कळली. या शोधाबद्दल त्यांना कोणतेंहि पदक मिळालें नव्हतें. परंतु त्यांची नोंद खरी होती, म्हणून ती टिकली.

यास्तव मातापित्यांना व शिक्षकवर्गास माझी नम्र विनंती आहे. मुलास स्पर्धेंत अवश्य पाठवा. परंतु प्रश्न त्याच्या अंगणांतला असूं द्या. दर रविवारीं मिस्साहून परततांना विहिरीचें पाणी दोरीनें मोजावें, तें केव्हां किती खालीं गेलें हें वहींत लिहावें, उन्हाळ्यांत कोणत्या विहिरीस खारटपणा येतो तें पाहावें. हें आठ वर्षांच्या मुलासहि साधेल. जुन्या रहाटाची लहान प्रतिकृति करून त्याचे दांते एकमेकांस कसे फिरवितात हें समजून घेणें, ही यंत्रविद्येची उत्तम सुरुवात आहे. परीक्षकांनीं प्रतिकृतीकडे पाहण्यापूर्वीं वही मागावी, आणि शांतपणें विचारावें, "बाळ, हें तूं कसें केलेंस? कोठें अडलास?" या एका प्रश्नानें गरीब व श्रीमंत यांतील अंतर पुष्कळ कमी होईल. ज्याची युक्ति फसली, पण ज्यानें तें सरळ सांगितलें, त्याचीहि पाठ थोपटावी.

सृष्टि ही परमेश्वराची कृति आहे. तिच्याकडे लक्षपूर्वक पाहणें व जें पाहिलें तेंच सांगणें, ही लहानग्यांनीं करावयाची एक सेवाच होय. आमच्या धर्मग्रामाच्या येत्या वर्षांत अशीं सत्यनिष्ठ मुलें आमच्या शाळेंतून पुष्कळ निपजोत, आणि त्यांच्या हातून देवाचें गौरव व शेजाऱ्यांचें कल्याण घडो, अशी प्रभु येशूख्रिस्ताचरणीं प्रार्थना करून हा लेख पुरा करतों.