राखेपासून रिक्तिकेपर्यंत

स्वीडनमधील रसायनज्ञ कार्ल शेले यांनी १७७४ साली वनस्पतींच्या राखेत मँगनीज असल्याचे दाखवले आणि पुढे दीर्घकाळ पानातील या धातूचा अभ्यास राखेच्याच आधारे होत राहिला. पान जाळले की धातूचे प्रमाण कळे, परंतु तो पेशीत नेमका कोठे होता याचा माग त्याच आगीत नाहीसा होई. मँगनीज वनस्पतीला आवश्यक आहे, हे अमेरिकेत मॅकहार्ग यांनी १९२२ मध्ये दाखवून दिले, तर त्याच दशकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रेलियात सॅम्युएल आणि पायपर यांनी ओटच्या पानांवर करडे ठिपके पाडणाऱ्या रोगाचे मूळ मँगनीजच्या उणिवेत असल्याचे सिद्ध केले. चुनखडीयुक्त जमिनीत हा धातू असूनही मुळांच्या हाती लागत नाही, हे त्यामागचे कारण होय.

१९३७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ पिर्सन यांनी मँगनीजविना वाढवलेल्या शैवालांचे प्रकाशसंश्लेषण मंदावते असे दाखवले. या इतिहासातील खरे वळण हेच मानले पाहिजे, कारण येथून लक्ष हरितलवकाकडे, म्हणजे पेशीतील हरितद्रव्य बाळगणाऱ्या घटकाकडे, गेले. पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू सुटतो तो हरितलवकाच्या आतील पटलांवर, आणि ते काम करणाऱ्या प्रथिनसमूहात मँगनीजचे चार अणू, कॅल्शियमचा एक व ऑक्सिजनचे पाच अणू एकत्र गुंफलेले असतात. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये नीलहरित जीवाणूपासून मिळवलेल्या स्फटिकांत ही मांडणी स्पष्टपणे पाहिली.

मात्र गरजेहून अधिक आलेले मँगनीज विषारी ठरते, आणि त्याची साठवण रिक्तिकेत, म्हणजे पेशीतील रसाने भरलेल्या पोकळीत, होते. महाराष्ट्रात चाऱ्यासाठी पेरल्या जाणाऱ्या ‘स्टायलो’ या शेंगवर्गीय गटातील एका जातीत मँगनीज रिक्तिकेत लोटणारे प्रथिन २००३ मध्ये सापडले. न्यू कॅलेडोनिया बेटावरील काही वृक्षांच्या पानांत तर सुक्या वजनाच्या एक टक्क्याहून अधिक मँगनीज साठते. निकेल किंवा जस्त साठवणाऱ्या बहुतेक वनस्पती तो धातू पानाच्या बाह्यत्वचेत ठेवतात, म्हणजे प्रकाशसंश्लेषण न करणाऱ्या पेशींत. त्यामुळे मँगनीजही तेथेच असणार, अशी अपेक्षा स्वाभाविक होती. परंतु २००६ मध्ये अशा वृक्षांच्या पानाचे काप प्रोटॉनच्या झोताखाली धरून त्यांतून निघणारे क्ष-किरण मोजण्यात आले, तेव्हा मँगनीजचा सर्वाधिक साठा त्वचेखाली उभ्या रचलेल्या हिरव्या पेशींत, म्हणजे प्रत्यक्ष प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या पेशींतच, आढळला.